लामदुआनची निळी वही

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता मी बाजारातून परत आलो, तेव्हा लामदुआनची वही जागेवर नव्हती.

स्कूटर अंगणात लावली. दाराशी चपला काढल्या. चपलांच्या मांडणीवर माझे घामट मोजे होते, ते उचलून दोरीवर टाकले. आत जाऊन मासळी फ्रिजमध्ये ठेवली, पाणी प्यायलो, आणि नेहमीसारखं बायकोच्या फोटोकडे पाहिलं. फोटोच्या खालची फळी रिकामी होती.

चोरायला घरात बरंच काही होतं. टीव्ही होता, माझी हत्यारांची पेटी होती, फोटोला अडकवलेली तिची सोन्याची साखळी होती. साखळी तशीच होती. गेली फक्त वही.

ती निळ्या पुठ्ठ्याची शाळेतली वही होती. मी मूळचा नॉर्वेचा, जहाजावर मेकॅनिक होतो. एकोणीस वर्षांपूर्वी लामदुआनशी लग्न करून थायलंडच्या किनाऱ्यावर प्रचुआपला राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या मुलीच्या डोक्यावर कौतुकानं थापटलं आणि सगळी गल्ली गप्प झाली. त्याच संध्याकाळी लामदुआननं ही वही आणली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: एक, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. त्यानंतर मी केलेली प्रत्येक चूक वहीत आली. देवाकडे पाय करून बसायचं नाही. कुणी ‘जेवलास का’ विचारलं तर ते जेवायचं बोलावणं नसतं. कार्यालयात आवाज चढवायचा नाही, चढवलास तर काम पुढच्या आठवड्यावर जाईल. न्हावी बुधवारी केस कापत नाही. अंगणातल्या राखणदार देवाला लाल सरबत ठेवायचं, आणि त्यात नळी घालायला विसरायचं नाही, तो काय बाटली तोंडाला लावणार आहे?

अशा दोनशे अकरा सूचना. गावात नवा आलेला प्रत्येक परदेशी माणूस माझ्या ओसरीवर बसून ती वही वाचून गेलाय.

शेवटची चार पानं मात्र थाईत होती. मला थाई बोलता येतं, वाचता येत नाही. काय लिहितेस म्हणून विचारलं तर म्हणाली होती, “स्वयंपाकाचं आहे. तुला काय करायचंय?” ती जाऊन चौदा महिने झाले. ती पानं मी कुणाकडून वाचून घेतली नाहीत. जोवर वाचली नाहीत तोवर तिचं मला काहीतरी सांगायचं राहिलंय, असं वाटायचं.

पण आता शनिवारी माझं विमान होतं. बहिणीनं नॉर्वेत हाउगेसुंदला माझ्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. इथे मी लामदुआनसाठी आलो होतो. ती नाही, तर इथे राहून करायचं काय? सामानात न्यायचं असं एकच ठरवलं होतं, ती वही. आणि जायच्या आधी, गुरुवारी, ती चार पानं ओडीलकडून वाचून घ्यायची होती.

मी कपाट उपसलं. गादी उलटी केली. फ्रिजच्या मागेही बघितलं. तेवढ्यात फाटकातून एका बाईचा आवाज आला.

“काय शोधतोयस? गादीखाली पासपोर्ट सापडत नसतो. तीस वर्षं हेच सांगत आले मी.”

२

ती सम्रुआय होती. इथे वयानं मोठ्या माणसाच्या नावाआधी ‘पी’ लावतात, म्हणून पी सम्रुआय. एकाहत्तर वर्षांची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या कार्यालयात तिनं खिडकीवर तीस वर्षं काढली होती. आमच्यातला कोण खोटं बोलतोय हे तिला अर्ज न वाचता कळायचं. दीड वर्ष ती मुलीकडे, लांब उत्तरेला चिआंग राईला होती, त्यामुळे लामदुआनच्या अंत्यविधीला तिला येता आलं नव्हतं. गावात परतून चारच दिवस झाले होते. फोटोपुढे उदबत्ती लावायला ती आली होती.

उदबत्ती लावून झाली. मग ती माझ्या खुर्चीत बसली आणि मला स्टुलावर बसवलं.

“सांग. उठल्यापासून.”

“सहाला उठलो. टेकडीपर्यंत चालून आलो. बुआलोयच्या गाडीवर पेज खाल्ली. पावणेनऊला घरी. फोटोपुढे उदबत्ती लावली. तेव्हा वही होती.”

“कशावरून?”

“बूट-मोजे काढून मोजे वहीवरच ठेवले ना. मग लगेच चपला घालून बाजारात गेलो.”

पी सम्रुआयच्या भुवया वर गेल्या. 

“दाराला कुलूप?”

“कडी. कुलूप कधीच नव्हतं.”

“चार पानं ओडील वाचणार आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?”

मी आठवलं. काल, मंगळवारी, पेज खाताना मी ते बोललो होतो. गाडीवर तिघंच होती. ओडील स्वतः, ती बेल्जियमची, मातीची भांडी घडवते, आठ वर्षांत थाई लिहा-वाचायला शिकलीय. दुसरा फर्गस, स्कॉटलंडचा, निवृत्त शाळामास्तर. आणि तिसरी बुआलोय, जिच्या गाडीवर आम्ही बसलो होतो.

“तिघंच,” पी सम्रुआय म्हणाली. “चल, समोरच्या घरापासून सुरू करू.”

बुआलोय माझ्या समोरच राहते. लामदुआनची शाळेपासूनची मैत्रीण. सकाळची गाडी ती साडेनऊला बंद करते. आम्ही गेलो तेव्हा ती पातेली घासत होती.

“वही गेली?” ती घासतच म्हणाली. “तुमच्या घरात कोण येणार हो चोरी करायला, पी आर्विद? सगळीकडे पंखे आणि तारा. पाय ठेवायला जागा नाही. आणि माझ्या पंख्याचं काय झालं?”

“झालाय. तोच स्क्रू ढिला होता.”

“आमचं मेलं नशीबच ढिलं.”

“सकाळी यांच्या घराकडे कुणी दिसलं का?” पी सम्रुआयनं विचारलं.

बुआलोयचा हात थांबला. तिनं पातेलं पालथं घातलं, मग पुन्हा सरळ केलं.

“ओडील आली होती. दहाच्या सुमाराला,” ती म्हणाली. “जाताना हातात कापडी पिशवी होती.”

३

ओडील घरी नव्हती. भट्टीची माती आणायला गेली होती, उद्या येणार असं तिच्या दारावर लिहिलं होतं. म्हणून आम्ही फर्गसकडे गेलो.

फर्गसला ती वही हवी होती, हे मला ठाऊक होतं. तिचं छोटं पुस्तक करून छापायचं त्याच्या मनात होतं. वर्षभर मागे लागला होता, आणि मी नाही म्हणत आलो होतो. लामदुआनच्या चुका तो व्याकरणासकट सुधारणार होता. त्या चुकांसकट ती वही माझी होती.

त्यानं दार उघडलं. डोक्यावर टोपी, हातात चहाचा मग.

“गेली? अरे देवा!” तो म्हणाला. “आर्विद, मी तुला शंभरदा सांगितलं होतं, तिची प्रत काढून ठेव. कागदपत्रांची प्रत काढायची, एक घरात ठेवायची, एक मित्राकडे. माणसानं परदेशात कसं राहावं याचा पहिला नियम.”

“आज सकाळी कुठे होतात?” पी सम्रुआयनं थेट विचारलं.

“मी? हे काय, संशय माझ्यावर?” तो हसला आणि टोपी आणखी खाली ओढली. “न्हाव्याकडे. बाजारातल्या. नऊला गेलो, गर्दी होती, साडेदहा वाजले.”

“बरं झालं,” पी सम्रुआय म्हणाली. “नीटनेटके दिसताय.”

ती निघाली. मीही निघालो. फाटकाबाहेर आल्यावर ती उन्हात उभी राहिली आणि छत्री उघडत म्हणाली, “आर्विद, त्या वहीत सतरा नंबरला काय आहे? तुझ्या बायकोनं मला वाचून दाखवलं होतं. तू कुलूप लावलेल्या दुकानापुढे पाऊण तास उभा होतास, त्या दिवशीचं.”

मला आठवलं. मी मागे वळून फर्गसच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला.

आज बुधवार होता.

४

गुरुवारी सकाळी फर्गस स्वतःच माझ्याकडे आला. टोपी हातात होती. केस महिन्याभराचे वाढलेले.

“सतरा नंबर,” तो म्हणाला. “रात्रभर झोप नाही. काल बोललो आणि चहा संपायच्या आत माझं मलाच कळलं. आठ वर्षं राहतोय मी इथे!”

“वही दे,” मी म्हणालो.

“वही माझ्याकडे नाही रे! मी कार्यालयात होतो.” त्याचा चेहरा लाल झाला. “दर नव्वद दिवसांनी आपण पत्त्याची नोंद करायची असते, ती विसरलो. अकरा दिवस उलटून गेले होते. मी! जो येईल त्याला तारखा पाठ करायला लावणारा मी! नवीन पोराटोरांच्या रांगेत बसून दंड भरला. हे जर ओडीलला कळलं तर ती त्याची थाळी करून भिंतीला लावेल.”

पी सम्रुआय ओसरीच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, “नऊ वाजून पाच मिनिटांनी आत, दहा पन्नासला बाहेर. खिडकीवर अजून माझी माणसं आहेत. काल संध्याकाळीच विचारून घेतलं.”

“मग मला का छळलंत?”

“छळलं कुठे? तुम्ही स्वतःच नीट छळून घेत होतात.”

फर्गस पायरीवर टेकला आणि त्यानंही शेंगा सोलायला घेतल्या.

दुपारी ओडील आली. अंगावर मातीचे शिंतोडे, खांद्यावर तीच कापडी पिशवी.

“हो, आले होते मी काल,” ती म्हणाली. “तुझा वाडगा परत द्यायला. पिशवीत दुसरा वाडगा होता, बुआलोयला द्यायचा, पण तिची गाडी आवरलेली दिसली म्हणून तसाच परत नेला. वही जागेवर नव्हती. मला वाटलं, तू सामानात भरलीस. मनात आलं, बरं झालं, माझं वाचायचं काम टळलं.”

“टळलं म्हणजे?”

“ती पानं माझ्यासाठी लिहिलेली नव्हती, आर्विद. मागे एकदा वही चाळताना पहिली ओळ नजरेखालून गेली, आणि मी मिटून ठेवली. परवा तू सगळ्यांसमोर विचारलंस, म्हणून नाही म्हणता आलं नाही.”

“काय होती पहिली ओळ?” मी विचारलं.

“नाही सांगणार. स्वयंपाकाची मात्र नव्हती.”

पी सम्रुआयनं शेंगांची पाटी बाजूला सारली. “ते राहू दे. खोलीत आणखी काय दिसलं?”

“काहीच नाही. फोटो, पाण्याचा पेला, उदबत्ती. अर्धी जळली होती.”

“एकच?”

“एकच.”

पी सम्रुआयनं माझ्याकडे पाहिलं. “तू उदबत्ती किती वाजता लावलीस म्हणालास?”

“पावणेनऊच्या पुढे. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे.”

“आणि तुझी उदबत्ती किती वेळ जळते?”

मी रोज तिच्यासमोर बसतो. मला माहीत होतं. “चाळीस मिनिटं.”

म्हणजे माझी उदबत्ती साडेनऊला विझलेली असणार. ओडील आली दहाला. तिनं पाहिली ती अर्धी उदबत्ती माझी नव्हती. जो कुणी वही घेऊन गेला, तो साधारण वीस मिनिटं आधी येऊन माझ्या बायकोपुढे उदबत्ती लावून गेला होता.

५

“असला कसला चोर?” फर्गस म्हणाला.

 ओडील आणि तो गेल्यावर पी सम्रुआय घरात फिरली. फळीपुढे उभी राहिली. मग दाराशी आली, चपलांच्या मांडणीपुढे.

“काल तू मोजे वहीवर ठेवून गेलास. परत आल्यावर ते कुठे होते?”

“इथे. मांडणीवर. मी दोरीवर टाकले.” बोलता बोलता माझाच आवाज मला वेगळा वाटायला लागला. “इथे कसे आले?”

“तू सांग. तू चोर आहेस. वही घ्यायचीय. वर मोजे आहेत. काय करशील?”

“मोजे उचलीन, वही घेईन, मोजे फळीवर टाकीन.”

“फर्गस?”

“तोही तसंच करील.”

“ओडील?”

मी विचार केला. ओडीलच्या घरी मी तिचे पायमोजे भांड्यांच्या कपाटावर पाहिलेत. “तीही.”

“मीसुद्धा तुम्हा लोकांमध्ये तीस वर्षं काढली. तुमचं शिकणं डोक्यात असतं, हातात नसतं,” ती म्हणाली. “पायात घालायची वस्तू, मेलेल्या बाईच्या फोटोजवळ, तिच्या अक्षरावर! आमच्यातला कुणी आग लागलेल्या घरात शिरला तरी आधी ते खाली ठेवील, मग पळेल. त्याला स्वतःलाही कळणार नाही आपण ठेवले म्हणून.”

तिनं फळीकडे बोट दाखवलं.

“लामदुआननं तुला हे कधी सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“वहीत?”

“दोनशे अकरा सूचना मला पाठ आहेत. मोज्यांचं काही नाही.”

“चालून आल्यावर मोजे नेहमी तिथेच टाकतोस?”

“एकोणीस वर्षं. आधी तिथे फोटो नव्हता, तिची देवाची पुस्तकं होती. ती असताना मोजे मला नंतर दाराशी सापडायचे.”

“आणि मग मोजे दाराशी कसे जायचे?”

मी मांडणीकडे पाहिलं. मला उत्तर सुचलं होतं, पण मी ते मोठ्यानं म्हणू शकलो नाही.

पी सम्रुआयनं मला तसंच राहू दिलं. ती ओसरीवर गेली. तिथे दुरुस्तीला आलेल्या वस्तूंची रांग होती. एक भात शिजवायचं यंत्र, पाण्याचा पंप, दोन इस्त्र्या, आणि बुआलोयचा पंखा.

“एवढं सगळं तुझ्याकडे येतं?”

“वर्षभर असंच चाललंय. लामदुआन होती तेव्हा महिन्यात एखादी वस्तू यायची. आता रोज काहीतरी येतं. या गल्लीतल्या लोकांना वस्तू वापरताच येत नाहीत.”

“हा पंखा कितव्यांदा आला?”

“चौथ्यांदा. दर वेळी तोच स्क्रू ढिला.”

“आपोआप ढिला होतो?”

मी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनांत हात घातलेत. स्क्रू थरथरीनं ढिला झाला की त्याची खाच स्वच्छ असते. मी पंखा उचलून उजेडात धरला. स्क्रूच्या खाचेच्या कडा खरवडलेल्या होत्या. कुणीतरी बारक्या, चुकीच्या मापाच्या पेचकसानं तो सोडवला होता, आणि चार वेळा सोडवला होता.

चार वेळा माझ्या हाताखालून गेलं, आणि मी बघितलंच नव्हतं.

६

शुक्रवारी सकाळी साडेसातला आम्ही बुआलोयच्या गाडीवर जाऊन बसलो. मी, पी सम्रुआय, ओडील आणि फर्गस. बुआलोयनं काही न विचारता माझ्यापुढे पेज ठेवली. वर आल्याचे तुकडे, नेहमीपेक्षा जास्त.

“बुआलोय, बस,” पी सम्रुआय म्हणाली.

“गिऱ्हाईक आहे, पी.”

“आम्हीच आहोत गिऱ्हाईक. बस.”

बुआलोय बसली. हात पुसायचं फडकं तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं.

“आर्विदची पानं वाचली जाणार हे तिघांना माहीत होतं,” पी सम्रुआय शांतपणे म्हणाली. “जो आला तो पावणेदहाच्या आत आला, कारण दहाला त्यानं लावलेली उदबत्ती अर्धी उरली होती. फर्गस तेव्हा नव्हता.”

“कुठे होता?” ओडीलनं विचारलं.

“न्हाव्याकडे,” पी सम्रुआय म्हणाली. फर्गसनं पेजेत मान घातली. “उदबत्ती लावणारी जर ओडीलच असती, तर तिनं ती अर्धी उदबत्ती आम्हाला सांगितलीच नसती. शिवाय एकच उदबत्ती. बुद्धाला तीन, गेलेल्या माणसाला एक. फर्गसनं तर मूठभर लावल्या असत्या. आणि मोजे. ज्यानं वही घेतली, त्यानं मोजे उचलून चपलांच्या जागी ठेवले. तो परदेशी नव्हता. तुझी गाडी साडेनऊला बंद होते, बुआलोय. तुझं घर समोर आहे. आणि तुझ्या पंख्याचा स्क्रू तूच सोडवतेस.”

बुआलोयनं फडक्याची घडी घातली.

“वही तू फेकली नाहीस. फाडलीही नाहीस,” पी सम्रुआय म्हणाली. “उंच जागी ठेवली असशील.”

बुआलोय उठली. घरात गेली. दार उघडं होतं. आतल्या भिंतीवर, सगळ्यात वरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती, ताज्या फुलांची माळ घातलेली. मूर्तीच्या एक पायरी खाली ती निळी वही होती. बुआलोयनं आधी हात जोडले, मग वही काढली.

बाहेर येऊन तिनं ती मला दिली नाही. छातीशी धरून उभी राहिली.

“तिनं माझा हात धरून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दवाखान्यात. ‘गल्लीला वाचून दाखव, आणि परत जागेवर ठेव. त्याला वाचता येत नाही. पण कुणाकडून त्याला कळू देऊ नकोस.’ मी शब्द दिला, पी. मंगळवारी हे म्हणाले, ओडील वाचणार. मी काय करणार होते? जाऊन तिची माफी मागितली, उदबत्ती लावली आणि घेऊन आले. शनिवारी हे गेले असते, मग मी परत ठेवली असती.”

“मी नसताना?” मी म्हणालो.

“तिला सांगायला तर झालं असतं, जागेवर ठेवली म्हणून.”

 मागे पातेल्यात पेज उकळत होती.

“शब्द तू दिलास,” पी सम्रुआय म्हणाली. “मी तेव्हा चिआंग राईला होते. मी कुणालाही काही कबूल केलेलं नाही. आण इकडे.”

बुआलोयनं माझ्याकडे बघितलं. मग वही तिच्या हातात दिली.

७

पी सम्रुआयनं चष्मा लावला. तिचा आवाज खिडकीवरचाच होता, अर्ज वाचून दाखवल्यासारखा. मला तेच बरं वाटलं.

“‘परदेशी माणसाबरोबर कसं राहावं,’” तिनं वाचलं. “‘गल्लीतल्या सगळ्यांसाठी.’”

ओडीलनं मान डोलावली. तिनं वाचलेली पहिली ओळ तीच होती.

“‘एक. त्याला काही हवंय का विचारू नका. तो नाही म्हणेल. समोर आणून ठेवा.

“‘दोन. पेजेत आलं जास्त घाला. त्याला आवडत नाही असं तो म्हणतो. वाडगा बघा.’”

मी माझ्या वाडग्याकडे बघितलं. रिकामा होता.

“‘तीन. गॅस संपायच्या आठवडाभर आधी गॅसवाल्याला पाठवा. हा संपल्यावर फोन करतो आणि चार दिवस थंड भात खातो.

“‘चार. तो रागावल्यासारखा दिसतो. त्यांच्याकडे चेहरा तसाच असतो. घाबरू नका.’”

फर्गस हसला.

“‘पाच. त्याच्या हाताला काम द्या. हात रिकामे राहिले की तो भिंतीकडे बघत बसतो. काही बिघडलेलं नसेल तर बिघडवा.’”

“सगळ्या गल्लीनं?” मी विचारलं.

“पंप कुणी बिघडवला ते मी नाही सांगणार,” बुआलोय म्हणाली. “तो खरंच बिघडला होता मग. जास्त झालं.”

अशी चार पानं होती. माझी गोळ्यांची वेळ होती. पावसात मी छत्री नेत नाही, हे होतं. एप्रिलमधल्या नववर्षाला मला कुणी पाण्यानं भिजवलं नाही तर मला वाईट वाटतं, पण मी तसं दाखवत नाही, हे होतं. या वर्षी मला चौघांनी बादल्या ओतून भिजवलं होतं. मी त्यांच्यावर ओरडलो होतो.

शेवटच्या नोंदीपाशी पी सम्रुआय थांबली. चष्मा पुसला.

“‘तेवीस. तो सगळ्यांना सांगतो, मी लामदुआनसाठी इथे राहतो. मी गेल्यावर म्हणेल, आता इथे माझं काय? त्याच्याशी वाद घालू नका, वादात तो हरत नाही. पण मी त्याला सतरा वर्षं सकाळी बघितलंय. तो सहाला उठतो, दार उघडतो, आणि उगाचच थोडा वेळ उंबऱ्यावर उभा राहतो. मी तेव्हा झोपलेली असते असं त्याला वाटतं. ते काही माझ्यासाठी नसतं. त्याला ते अजून माहीत नाही. कळेपर्यंत सांभाळून घ्या.’”

पी सम्रुआयनं वही मिटली.

ओडील रस्त्याकडे बघत होती. फर्गसनं रिकामा वाडगा पुन्हा चमच्यानं खरवडला. बुआलोय पदरासारखं ते फडकं डोळ्यांना लावून उभी होती, आणि मग एकदम म्हणाली, “आता तुम्ही पेज खायची बंद करणार. ती म्हणालीच होती. कळलं की हा कुणाकडून काही घेणार नाही.”

मी वाडगा पुढे केला.

“आणखी दे,” मी म्हणालो. “आलं कमी.”

तिनं जास्तच घातलं.

८

शनिवारी सकाळी मी सहाला उठलो आणि दार उघडलं. गल्लीपलीकडच्या समुद्रात लाटा बारीक होत्या. समोरच्या घराच्या कौलांवर मांजर होतं. गल्लीच्या टोकाला कुणीतरी माकूळ वाळत घालत होतं. उंबऱ्यावर मी किती वेळ उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही. मोजायचं मनात होतं, पण विसरलो.

मग बहिणीला फोन केला. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. तिला का वाटलं होतं ते मी विचारलं नाही.

सोमवारी माझीही नव्वद दिवसांची नोंद होती. फर्गस बरोबर आला. त्यानं वाटेत मला तारखा लक्षात ठेवायची एक नवी पद्धत समजावून सांगितली, आणि मी ती ऐकून घेतली.

परत आलो तेव्हा ओसरीवर बुआलोयचा पंखा होता. पाचव्यांदा. मी तो घेऊन समोर गेलो.

“बुआलोय, हा स्क्रू आता सोडवू नकोस. त्याचे आटे झिजलेत. पुढच्या वेळी मागचा सोडव. आणि हा घे,” मी तिला नीट मापाचा पेचकस दिला, “यानं सोडव.”

“मी कशाला सोडवतेय?” ती म्हणाली. “आपोआप होतो तो.” पेचकस तिनं कमरेला खोचला.

संध्याकाळी मी वही घेऊन बसलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्यात लिहिणार होतो. लामदुआनचं अक्षर उजवीकडे झुकलेलं आहे. माझं उभं आहे, इंजिनाच्या नोंदवहीत असतं तसं. दोनशे अकराच्या खाली थोडी जागा होती.

तिनं ही सूचना कधी लिहिली नव्हती. चुका दाखवायला तिला आवडायचं, सगळ्या गावासमोर दाखवायची. एवढी एक मात्र तिनं स्वतःकडे ठेवली होती. रोज सकाळी मी आंघोळीला गेलो की ती उठून ते मोजे खाली नेऊन ठेवत असणार.

मी लिहिलं: दोनशे बारा. मोजे उंच जागी ठेवायचे नाहीत. दाराशी ठेवायचे.

मग उठलो. सकाळचे मोजे पुन्हा फळीवरच होते, तिच्या फोटोखाली. मी ते दाराशी नेऊन ठेवले.